ड्युईंचा मराठी विद्यार्थी

न्यूयॉर्क शहरातील कोलंबिया विद्यापीठात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जॉन ड्युई नावाचे जे प्राध्यापक तत्त्वज्ञान शिकवीत असत, त्यांची कीर्ती ऐकून वर्गात येऊन बसलेल्या नवख्या विद्यार्थ्याची पहिल्या दिवशी बहुधा निराशाच होत असे. पंचावन्नीच्या घरातले हे गृहस्थ वर्गात येत, खुर्चीवर बसत, चुरगळलेले काही कागद टेबलावर पसरीत, आणि समोरच्या मुलांकडे न पाहता खिडकीबाहेर कोठे तरी दृष्टी लावून, एका सुरात, मध्येच पुष्कळ वेळ थांबून, पुन्हा बोलू लागत. आवाजात चढउतार नाही, हातवारे नाहीत, टाळीचे वाक्य तर नाहीच. आयर्विन एडमन या त्यांच्या एका विद्यार्थ्याने, जो पुढे त्याच विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला, या व्याख्यानांची हकीकत लिहून ठेवली आहे. ऐकताना जे विस्कळित आणि कंटाळवाणे वाटले, तेच टिपणवहीतून पुन्हा वाचताना विलक्षण सुसंगत निघाले, कारण पाठ केलेली विद्या तेथे म्हणून दाखविली जात नव्हती, एक मनुष्य वर्गासमक्ष प्रत्यक्ष विचार करीत होता, असे तो सांगतो.

त्याच काळात, त्याच प्राध्यापकांसमोर एक मराठी तरुण बसत असे आणि जे कानी पडेल ते सारे उतरून घेत असे. ड्युई अकस्मात गेले तर त्यांची सारी व्याख्याने मी जशीच्या तशी पुन्हा उभी करू शकेन, असे तो मित्रांजवळ म्हणे, अशी एक आठवण सांगतात. हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. विद्यापीठातील गुरूकडून माणूस जन्मभर पुरेल असे नेमके काय घेऊन बाहेर पडतो, या प्रश्नाचा विचार करावयास आपल्या मराठी इतिहासात याहून चांगला दाखला मला दिसत नाही. आणि तो चांगला एवढ्याचसाठी की येथे गुरूच्या घरचा राबता नाही, सहवासाच्या गोड आठवणी नाहीत, पाठीवरून फिरलेला हात नाही. एक वर्ग, काही व्याख्याने, दोनचार पुस्तके, एवढ्यावर हा सगळा व्यवहार झाला.

एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी.ए. होऊन बाहेर पडलेल्या भीमरावांचे पितृछत्र १९१३ च्या फेब्रुवारीत हरपले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांची अमेरिकेतील शिक्षणासाठी निवड केली. दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, तीन वर्षांची मुदत, आणि परत आल्यावर दहा वर्षे दरबारची चाकरी, असा करारनामा ४ जून १९१३ रोजी झाला व जुलैत भीमराव न्यूयॉर्कला दाखल झाले. ज्या मुलाला शाळेत वेगळे बसावे लागले होते आणि ज्याला संस्कृत शिकण्याची इच्छा असता तो दरवाजा बंद असल्यामुळे फारसीकडे वळावे लागले होते, त्याला येथे कोणत्याही बाकावर बसण्याची, कोणत्याही ग्रंथाला हात लावण्याची मोकळीक मिळाली. तिचा त्यांनी काय उपयोग केला ते विद्यापीठाच्या दफ्तरातून दिसते: अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४. म्हणजे संख्येच्या हिशेबाने पाहिले तर तत्त्वज्ञान हा जमाखर्चातला किरकोळ रकमेचा विषय होता, आणि तरीही तेथील वैचारिक जीवनाचे ऋण त्यांनी ज्याच्या खाती मांडले तो अर्थशास्त्राचा अध्यापक नव्हता.

अर्थशास्त्राचे अध्यापक होते एडविन सेलिग्मन. करविषयक शास्त्रातले मोठे नाव आणि विद्यार्थ्यांविषयी अत्यंत सहृदय मनुष्य. धनंजय कीर यांनी आपल्या चरित्रात या दोघांमधला एक लहानसा प्रसंग दिला आहे. संशोधनाची पद्धत कोणती धरावी असे भीमरावांनी विचारले असता, मन लावून काम करीत राहा, तुमची पद्धत तुम्हाला आपोआप सापडेल, अशा आशयाचे उत्तर सेलिग्मन यांनी दिले. या उत्तरात टाळाटाळ आहे असे कोणास वाटेल. आमच्याकडील पुष्कळ मार्गदर्शक अशा वेळी स्वतःच्या प्रबंधाची एक प्रत पुढे सरकवितात आणि प्रकरणांची संख्यासुद्धा तेवढीच ठेवण्याची अपेक्षा करतात, हे ध्यानी घेतले म्हणजे सेलिग्मनांच्या उत्तराची किंमत कळते. पुढे १९१७ साली लंडनहून परतताना भीमरावांचे सामान ज्या जहाजाने येत होते ते शत्रूच्या पाणबुडीने बुडविले आणि प्रबंधाचे हस्तलिखितही त्याबरोबर गेले, तेव्हा त्यांनी तो विषय नव्याने लिहून काढला व सेलिग्मन यांना तसे कळविले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा तो ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच होती.

परंतु कोलंबियातील हवेचा खरा परिणाम पाहावयाचा तर ९ मे १९१६ या दिवसाकडे गेले पाहिजे. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्या दिवशी पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी हिंदुस्थानातील जातींवर एक निबंध वाचला. जातीचा प्राण सोवळ्याओवळ्यात किंवा धंद्यात नसून जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या निर्बंधात आहे, आणि तो निर्बंध अभंग राखण्यासाठी नवऱ्यामागे उरलेल्या स्त्रीची आणि बायकोमागे उरलेल्या पुरुषाची काही तरी वासलात लावणे भाग पडल्यामुळे सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी निर्माण झाल्या, अशी त्यांची मांडणी होती. या रूढींचा गौरव करणारे तत्त्वज्ञान नंतर आले, रूढी आधी आली, हेही त्यांनी सांगितले. आज हा विचार परिचयाचा वाटतो. १९१६ साली, आणि तोही त्या रूढींच्या उतरंडीच्या तळाशी जन्मलेल्या तरुणाने, एखाद्या यंत्राचे भाग सुटे करून दाखवावेत इतक्या थंड डोक्याने मांडावा, हे असामान्यच होते. निबंधाच्या शेवटी त्यांनी म्हटले आहे की हा माझा सिद्धान्त असमर्थनीय ठरला तर तो सोडून द्यावयास मी तितकाच तयार आहे. ज्या विषयाने स्वतःचे आणि वाडवडिलांचे आयुष्य पोळून निघाले, त्या विषयावर बोलताना असे वाक्य लिहिणे किती कठीण असते याची कल्पना वाचकानेच करावी.

हे वळण ड्युईंच्या शिकवणुकीशी किती जुळते ते पाहण्यासाठी त्यांच्या विचाराचा थोडा परिचय करून घेणे अवश्य आहे. १८५९ साली व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे जन्मलेल्या या तत्त्वज्ञाने शिकागोत असताना १८९६ मध्ये एक प्रयोगशाळाच म्हणावी अशी मुलांची शाळा काढली होती. तेथे मुले स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करीत आणि त्यातून गणित, इतिहास व शास्त्र यांच्याकडे वळत. विचार हा अडचणीतून जन्मतो, असे त्यांचे म्हणणे. काही तरी अडल्याशिवाय माणूस विचार करीत नाही. अडल्यावर तो अडचणीचे स्वरूप ठरवितो, एखादा उपाय सुचवितो, त्याचे परिणाम मनाशी ताडून पाहतो, आणि अखेर अनुभवाच्या कसोटीला लावतो. सत्य, नीती, धर्म, राज्यव्यवस्था, सगळ्यांना त्यांनी हीच कसोटी लावली: ही गोष्ट माणसांच्या जगण्यात काय करते? पूर्वजांनी ती मान्य केली होती, हे तिच्या बाजूचे पुरेसे प्रमाण होत नाही. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ या त्यांच्या ग्रंथात लोकशाहीविषयी जो विचार आहे तोही याच मुशीतला. लोकशाही ही निवडणुका आणि कायदेमंडळे यांपुरती राज्यपद्धती असण्याआधी माणसांची एकत्र जगण्याची, आपले अनुभव परस्परांना पोचते करण्याची रीत आहे, आणि ज्या समाजात गटागटांमध्ये अशी देवघेव होत नाही तेथे वरची चौकट कितीही सुबक असली तरी आत लोकशाही नसते, असे ते प्रतिपादतात. या देवघेवीसाठी त्यांनी जीवशास्त्रातला एक शब्द वापरला आहे: ‘एंडॉस्मॉसिस’. पेशीच्या पातळ पडद्यातून द्रव आत पाझरण्याच्या क्रियेला हे नाव आहे.

हा शब्द मुंबईत केव्हा उमटला हे पाहण्यासारखे आहे. मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे २७ जानेवारी १९१९ रोजी, सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाच्या हुद्द्यावर नुकतेच रुजू झालेल्या आंबेडकरांनी साक्ष दिली. स्पृश्य आणि अस्पृश्य यांच्यामध्ये असा कोणताही पाझर नाही, म्हणून एकाने दुसऱ्याचे प्रतिनिधित्व करणे शक्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. शब्द ड्युईंचा, विचाराचा साचाही ड्युईंचा. पण न्यूयॉर्कच्या वर्गात जे एक सर्वसामान्य तत्त्व होते, ते येथे कैफियत होऊन सरकारदरबारी दाखल झाले होते.

आणि महाडला त्याचा पुरावाच समोर आला. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठरावही केला होता. म्हणजे राज्यपद्धतीकडून जे व्हावयाचे ते यथास्थित झाले होते. ठराव, तारीख, मंजुरी, सर्व काही दफ्तरात जागच्या जागी. तळ्याचे पाणी मात्र १९२७ च्या २० मार्चपर्यंत कोणा अस्पृश्याच्या ओंजळीत आले नव्हते. त्या दिवशी आंबेडकरांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या लोकांनी ते प्यायल्यावर गावच्या स्पृश्यांनी १०८ घागरी पाणी बाहेर काढून, शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे संस्कार करून तळे शुद्ध करून घेतले. शासनाचा ठराव आणि एकत्र जगण्याची रीत यांतले अंतर याहून स्वच्छ दाखविणारे उदाहरण ड्युईंच्या कोणत्याही ग्रंथात नाही. त्याच वर्षी जूनमध्ये कोलंबियाने आंबेडकरांना पीएच.डी.ची पदवी रीतसर दिली.

ऋणाची जाहीर कबुली आली ती १९३६ मध्ये. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षपदाचे निमंत्रण देऊन, भाषणाचा मसुदा पाहिल्यावर परिषदच रद्द केली, तेव्हा आंबेडकरांनी ते भाषण स्वखर्चाने ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. या भाषणाच्या अखेरच्या भागात, हिंदूंनी आपला सारा सामाजिक वारसा जसाच्या तसा पुढे न्यावा की त्यातून निवड करावी असा प्रश्न विचारताना, त्यांनी आपले शिक्षक म्हणून ड्युईंचे नाव घेतले आणि आपण त्यांचे फार ऋणी आहोत असे सांगितले. नाव घेतले नाही अशा ठिकाणीही गुरू दिसतात. नियम आणि तत्त्व यांत त्यांनी केलेला भेद, म्हणजे नियम हा ठराविक कृती लादतो तर तत्त्व हे निवाडा करण्याचे साधन देऊन जबाबदारी माणसावर टाकते, हा ड्युई आणि टफ्ट्स यांच्या नीतिशास्त्रावरील १९०८ च्या ग्रंथातला. चातुर्वर्ण्याच्या समर्थकांना उत्तर देताना प्लेटोच्या तीन वर्गांवर केलेली टीका, की माणसांच्या प्रवृत्ती तीन खणांत मावण्याइतक्या मोजक्या नसतात, तीही ड्युईंचीच. भाषणाच्या ओघात हे सारे इतके मुरले आहे की सांधा हाताला लागत नाही, आणि मला स्वतःला हीच शिष्यत्वाची खरी खूण वाटते. उद्धृत केलेला गुरू अजून बाहेर असतो.

तथापि शिष्य गुरूमागे निमूट चालत गेला असे समजणे ही दोघांवरही अन्यायाची गोष्ट होईल. ड्युईंच्या मनातली लोकशाही शेजारधर्मातून उगवते. १९२७ मधील ‘द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स’ या ग्रंथात त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की लोकशाहीचा प्रारंभ घरापासून व्हावा आणि तिचे घर म्हणजे समोरासमोर भेटणाऱ्या शेजाऱ्यांची वस्ती. न्यू इंग्लंडमध्ये वाढलेल्या माणसाला असे वाटणे स्वाभाविक होते. आंबेडकरांनी ज्या खेड्यांचा अनुभव घेतला होता तेथे समोरासमोर भेटणे हाच छळाचा भाग होता. गावकुसाबाहेरची वस्ती त्या शेजारधर्माने ठरवून दिलेली होती. म्हणून ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत बोलताना खेड्यांच्या स्तुतिपाठकांना त्यांनी जे कठोर शब्द ऐकविले, त्यांत त्यांनी खेड्याला अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे आगर ठरविले आणि संविधानाने खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. निष्कर्ष गुरूच्या उलट, रीत मात्र गुरूचीच: ही संस्था माणसांच्या जगण्यात काय करते, हे पाहून त्यांनी निवाडा दिला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर ती टिकणार नाही असा इशारा देताना ते पुन्हा कोलंबियातील त्या विचारापाशी आले, आणि या खेपेस त्यापुढे एका नव्या प्रजासत्ताकाचा भार होता.

शिष्याचा मतभेद सोसणारा गुरू त्यांना लंडनला भेटला होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील एडविन कॅनन यांनी १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ला प्रस्तावना लिहिली, आणि तीतच आपण ग्रंथकाराच्या बऱ्याचशा टीकेशी सहमत नाही हे नमूद करून त्याच्या विचारातील ताजेपणाची वाखाणणी केली. शिष्याच्या पुस्तकात त्याचे म्हणणे पटले नाही असे लिहिणारा आणि तरी त्या पुस्तकाला आपले नाव देणारा अध्यापक विरळाच.

पुस्तकांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आंबेडकरांच्या संग्रहातील ड्युईंचे ग्रंथ मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात जपलेले आहेत, आणि ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’च्या प्रतीत त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. वर्ग संपला, पदवी झाली, देश बदलला, तरी शिक्षकाचे पुस्तक पेन्सिल हातात घेऊन पुन्हा वाचले गेले. भारतीय विद्यापीठांतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी आपल्या अध्यापकांचे एक तरी पुस्तक नंतर विकत घेतले, हा प्रश्न अध्यापकांना विचारावा की विद्यार्थ्यांना, हे मला ठरविता आलेले नाही.

ड्युई चीनमध्ये दोन वर्षे राहिले. हू शी हा त्यांचा चिनी शिष्य, जो आंबेडकरांच्याच काळात कोलंबियात होता, त्यांची व्याख्याने चिनी भाषेत समजावून सांगत असे, आणि त्यामुळे तिकडे त्यांचा मोठा बोलबाला झाला. हिंदुस्थानात त्यांचे येणे झाले नाही. येथे त्यांची वार्ता आली ती एका विद्यार्थ्याच्या लेखणीतून, आणि पुष्कळदा विनामुद्रा.

१९३० मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात आंबेडकरांनी लिहिले की आयुष्यात लाभलेले माझे उत्तम स्नेही म्हणजे कोलंबियातील काही सहाध्यायी आणि ड्युई, शॉटवेल, सेलिग्मन व रॉबिन्सन हे थोर प्राध्यापक. त्यांच्या पत्नी डॉ. सविता आंबेडकर यांची आठवण याहूनही बोलकी आहे: ड्युईंच्या वर्गातल्या लकबींची नक्कल बाबासाहेब तीस वर्षांनंतरही मोठ्या आनंदाने करून दाखवीत. ज्यांच्या नावाशी आपण केवळ गांभीर्य जोडतो, ते घरात बसून आपल्या अमेरिकन मास्तरांची नक्कल करीत आहेत, हे चित्र चरित्रग्रंथांच्या शेकडो पानांपेक्षा मला अधिक सांगून जाते. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबियाने त्यांना सन्माननीय एलएल.डी. देण्याचे ठरविले तेव्हा न्यूयॉर्कला जाताना ड्युईंना भेटण्याची त्यांना आस होती. ते वाटेत असतानाच, १ जूनला, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ड्युई वारले. आपले सारे वैचारिक जीवन या माणसाचे देणे आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी पत्नीला लिहिले. पदवीदान समारंभ ५ जूनला झाला.

आपले तीन गुरू म्हणून बाबासाहेबांनी १९५४ मध्ये बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले यांची नावे सांगितली. त्यांत ड्युई नाहीत, याचा काही जण उगाच अर्थ लावीत बसतात. त्या तिघांकडून त्यांनी काय मानावे हे घेतले, ड्युईंकडून मानण्यापूर्वी तपासावे कसे हे घेतले, आणि या दोन ऋणांची एकाच यादीत गणती करण्याचे कारण नव्हते, असे माझे मत आहे.

‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची मराठी भाषांतरे ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, दादरच्या शिवाजी उद्यानाभोवती लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांतून अल्प किमतीत मिळतात, आणि ड्युईंच्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’चे सातवे प्रकरण, ज्यात एकत्र जगण्याचा तो विचार, तो पाझराचा शब्द आणि प्लेटोवरची ती टीका आहे, इंग्रजी वाचणाऱ्यास मिळविणे अवघड नाही. ज्यांना सवड असेल त्यांनी ही दोन्ही जवळजवळ ठेवून, पेन्सिल हातात घेऊन वाचावीत.